बोंडातील अळी आणि माणसातील व्यसन

कपाशीचे बोंड बाहेरून हिरवेगार दिसते. गुलाबी बोंडअळी मात्र आत असते. म्हणूनच आपण बोंड फुटण्याची वाट पाहत नाही. कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ पतंग आढळताच उपाय योजतो. दारूच्या व्यसनाबाबत ही दक्षता आपण का दाखवत नाही?

आमच्या प्रक्षेत्रावरील एका सहकाऱ्याचे हात सकाळी थरथरत. सर्वांनी ते पाहिले. विचारले कोणीच नाही. निदान झाले तेव्हा यकृत निकामी झाले होते.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही १० प्रश्नांची चाचणी काही मिनिटांत होते. किती वेळा पिता, किती पिता, सुरुवात केल्यावर थांबता येते का, असे ते साधे प्रश्न. ४० पैकी ८ किंवा अधिक गुण हे निदान नव्हे. तो वेळीच मिळालेला इशारा होय. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ५.७ कोटी लोकांना मद्यपानाच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. मात्र अवलंबित्व जडलेल्याने दारू एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते. उपचार वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावेत. त्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

संशोधन संस्थांनी वार्षिक आरोग्य तपासणीत ही चाचणी समाविष्ट करावी आणि तिचा निष्कर्ष गोपनीय ठेवावा. सापळ्यात पतंग आढळला म्हणून आपण शेतकऱ्याला दोष देत नाही. माणसालाही देऊ नये.