सप्ताहात बसणाऱ्यांना अरेथा का कळेल

अमेरिकेतल्या सोल संगीताची मराठीत चर्चा झालीच, तर ती पुण्या-मुंबईच्या इंग्रजी गाणी ऐकणाऱ्या वर्गापुरती राहते. माझ्या मते सोल गायिका अरेथा फ्रँकलिनच्या १९७२ सालच्या ‘अमेझिंग ग्रेस’ या अल्बमला खरा जाणकार श्रोता पाथर्डी तालुक्यात मिळेल. भगवानगडाच्या नारळी सप्ताहाला जाणारा, गावच्या हरिनाम सप्ताहात रात्रीच्या कीर्तनाला मांडवात बसणारा माणूस मला अभिप्रेत आहे. हा अल्बम स्टुडिओत झालेला नाही. १३ आणि १४ जानेवारीच्या दोन रात्री लॉस एंजेलिसच्या वॉट्स या तेव्हाच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या चर्चमध्ये, समोर भाविक बसलेले असताना त्याचे ध्वनिमुद्रण झाले. पियानोवर रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँड आणि मागे गायकवृंद. अरेथा ओळ सोडते, वृंद ती उचलतो, ती मध्येच एका शब्दावर थांबून त्याला घोळवत राहते आणि लोक बसल्या जागेवरून दाद देतात. कीर्तनकाराने चरण म्हणावा, टाळकऱ्यांनी चाल उचलावी, मृदंग चढत जावा आणि मांडवाने गजर करावा, हे ज्याने लहानपणापासून ऐकले आहे, त्याला मोजक्या कडव्यांचे शीर्षकगीत दहा मिनिटांहून अधिक का चालते हे समजावून सांगावे लागणार नाही.

हे तर भक्तिसंगीत, सोल नव्हे, असा आक्षेप येईल. पण सोलची गायकी चर्चमध्येच घडली. अरेथाचे वडील सी. एल. फ्रँकलिन डेट्रॉइटचे नामांकित प्रवचनकार होते आणि तिचे पहिले ध्वनिमुद्रण किशोरवयात त्यांच्याच चर्चमध्ये झाले. शिवाय याच अल्बममध्ये मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या गाजलेल्या सोल अल्बममधले एक गीत ती गाते. परधर्माचे गाणे आपण का ऐकावे, या प्रश्नाला महत्त्व देण्याचे कारण नाही. शेख महंमद या मुसलमान संतांचे अभंग आदराने म्हणणाऱ्या पाथर्डीच्या जिल्ह्याला तर नाहीच नाही.

भाषेची अडचण मात्र खरी आहे, आणि दोन्ही परंपरा एकच आहेत असेही मी म्हणणार नाही. वारकरी कीर्तनात सगळे एकाच चालीत गातात, तर या वृंदात वेगवेगळे स्वर एकाच वेळी चालतात. सुरुवातीला कानाला ते अनोळखी वाटेल. कीर्तनात निरूपणाला जे वजन असते, ते इथे बव्हंशी आवाजाला आहे. म्हणूनच शीर्षकगीताऐवजी अल्बममधल्या पहिल्या गीतापासून, ‘मेरी, डोंट यू वीप’पासून सुरुवात करावी. त्यात अरेथा चक्क आख्यान लावते: भाऊ मेल्यावर आक्रोश करणाऱ्या बहिणी, उशिरा पोचलेला येशू आणि मेलेल्या लाझरसला त्याने नावाने मारलेल्या हाका. एवढी कथा आधी माहीत असली, की ती हाक येईल तेव्हा इंग्रजीवाचून काही अडणार नाही.