भुताखेतांचे मासिक आणि त्याचे वाचक

प्रथम वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी वर्गात एकेकाला उभे करून विचारले, "तुझा आवडता लेखक कोण?" कुणी कुसुमाग्रज म्हणाले, कुणी पु. ल. म्हणाले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "नारायण धारप." वर्ग हसला. सरही थोडेसे हसले. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण त्यानंतर हा प्रश्न जिथे जिथे आला तिथे तिथे मी वि. स. खांडेकरांचे नाव सांगितले. त्या वेळी खांडेकरांचे एकही पुस्तक मी पुरते वाचलेले नव्हते.

आमच्या घरात शाळेच्या पुस्तकांखेरीज पुस्तक नव्हते. आईवडील दोघेही चौथीपुढे शिकू शकले नाहीत. आठवीत असताना एस. टी. स्टँडजवळच्या रद्दीच्या दुकानातून मी धारपांचे एक फाटके पुस्तक पाच रुपयांना आणले. त्याची शेवटची काही पाने नव्हती. पुढे काय झाले असेल याचा विचार करीत मी रात्रभर जागा राहिलो. वडील म्हणाले, "भुतं वाचून कुणी साहेब होत नाही." ते खरेही असेल. पण वाचायची सवय मला त्या रात्री लागली.

हे सारे आठवण्याचे कारण एक अमेरिकन मासिक. या दिवाळीच्या सुटीत 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' या मासिकाचे काही जुने अंक मला मोबाईलवर वाचायला मिळाले. शेजारी शब्दकोश घेऊन मी ते वाचले. हे मासिक भयपटांना वाहिलेले. प्रकाशक जेम्स वॉरेन, संपादक फॉरेस्ट ॲकरमन. पहिला अंक फेब्रुवारी 1958 चा, किंमत 35 सेंट. खरे तर तो एकच अंक काढायचा बेत होता. पण त्याच्या आदल्या वर्षी, 1957 मध्ये, युनिव्हर्सल कंपनीचे 52 जुने चित्रपट अमेरिकेतल्या दूरदर्शन केंद्रांना मिळाले होते. 1931 सालचे 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' त्यांत होते. आपल्या जन्माआधीचे हे चित्रपट मुले घरबसल्या पाहू लागली होती, आणि त्यांच्याविषयी बोलायला त्यांना कुणी नव्हते. अंक हातोहात खपला आणि मासिक 1983 पर्यंत, 191 व्या अंकापर्यंत, चालले.

मी वाचायला बसलो ते राक्षसांची चित्रे पाहण्यासाठी, पण गुंतलो ते वाचकांच्या पत्रांत. त्या सदराचे नाव 'फँग मेल'. चाहत्यांच्या पत्रांना इंग्रजीत 'फॅन मेल' म्हणतात आणि 'फँग' म्हणजे सुळा, ही कोटी मला शब्दकोश उघडल्यावर समजली. 'असे आणखी वाचक हवेत' अशा अर्थाच्या मथळ्याखाली वाचकांची छायाचित्रेही छापली जात. शाळकरी पोरांची नावे आणि चेहरे असे छापून येत होते. त्यांच्या आईबापांना हे मासिक म्हणजे कचरा वाटे. भयकथांच्या चित्रपुस्तकांनी मुले बिघडतात म्हणून 1954 मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावण्याही झाल्या होत्या. अशा दिवसांत एक मोठा माणूस या मुलांना उत्तर देत होता.

या चाहत्यांनी मासिकाची केवळ स्तुती केली असे मात्र नाही. ज्यो दान्ते नावाच्या मुलाने सर्वांत वाईट भयपटांची एक लांबलचक यादी लिहून पाठवली. ॲकरमननी 1962 मध्ये तिचा लेखच करून छापला. दान्ते तेव्हा पंधरा वर्षांचा होता. वाचक मोठे होत गेले तशी त्यांची कुरकुर वाढली. कोट्या पोरकट आहेत, तेच तेच लेख पुन्हा छापले जातात, चित्रपटाची खरी चिकित्सा कुठेच नाही, असे ते म्हणू लागले. या तक्रारी खोट्या नव्हत्या. मी वाचलेल्या थोड्या अंकांतही कोट्यांचा कंटाळा आलाच. ज्यांना अधिक गंभीर लिखाण हवे होते त्यांच्यासाठी 'कॅसल ऑफ फ्रँकेन्स्टाइन' आणि पुढे 1970 मध्ये 'सिनेफँटास्टिक' निघाले. दान्ते त्यांपैकी पहिल्यात लिहू लागला. पुढे तो दिग्दर्शक झाला, तेव्हा 'द हाउलिंग' या 1981 च्या चित्रपटात त्याने ॲकरमनना पुस्तकांच्या दुकानातले गिऱ्हाईक म्हणून क्षणभर उभे केले. ज्याच्याशी मतभेद झाला त्याचा मान त्याने असा राखला.

स्टीफन किंगने शाळकरी वयात ॲकरमन यांच्याच दुसऱ्या एका मासिकाकडे गोष्ट पाठवली होती. ती छापली गेली नाही. पण ॲकरमननी तिचे हस्तलिखित जपून ठेवले आणि किंग नामवंत झाल्यावर त्याच्यापुढे सहीसाठी धरले. ही हकीकत किंगनेच आपल्या आठवणींत सांगितली आहे. नापसंत गोष्टसुद्धा वीस-वीस वर्षे जपणारा संपादक किती जणांना लाभतो?

कुणी म्हणेल, दान्ते आणि किंग मोठे झाले म्हणून तू त्यांची उदाहरणे देतोस. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच माझे म्हणणे त्यांच्यावर उभे नाही. त्या पानांवर ज्यांचे नाव आयुष्यात एकदाच छापून आले अशी पोरे कितीतरी अधिक असणार. ती पुढे दुकानदार झाली असतील, कारकून झाली असतील. त्यांना त्या मासिकाने काय दिले? माझ्या मते, आवडीची लाज बाळगू नये एवढे दिले. आणि लाज नाहीशी झाली म्हणूनच त्यांना आपल्या आवडीतले दोषही दिसू लागले. जो आपली आवड लपवतो त्याला तिची चिकित्सा कधीच करता येत नाही. मीही धारपांच्या कथांत कुठे तोचतोपणा येतो, 'समर्थ' कुठे फार सहज जिंकतो, याचा दोन वर्षे विचार केला नाही. कारण धारपांचे नावच मी तोंडाने घेत नव्हतो.

गंमत अशी की, 2018 मध्ये आलेल्या 'तुंबाड' चित्रपटाविषयी आपल्या कट्ट्यावर तासन्‌तास चर्चा होते. त्यामागे धारपांच्या कथेचा वाटा आहे हे सांगितले की मंडळी चकित होतात. धारप 2008 मध्ये गेले. ॲकरमनही त्याच वर्षी गेले. दोघांची भेट झाली नसेल, पण माझ्या मनात ते आता शेजारी बसतात.

उच्च अभिरुची नको असे मी म्हणत नाही. खांडेकर मी आता वाचले आहेत आणि 'ययाति' मला आवडली. पण तिथवर मी चढलो ती पायरी धारपांची होती. पायरीला हसून कुणी वर जात नाही.

शेवटी संपादक मंडळाला एक विनंती. आपल्या या वार्षिकांकात कविता आहेत, लेख आहेत, अहवाल आहेत. वाचकांचे पत्र मात्र एकही नाही. पुढच्या वर्षी दोन पाने पत्रांना द्यावीत. कुणी काहीही वाचत असो, त्याने ते नावानिशी लिहावे आणि सरांनी त्याला छापील उत्तर द्यावे. पहिले पत्र माझ्या या लेखाला झोडपणारे आले तरी मला आनंदच होईल.

— द्वितीय वर्ष, कला