संवाद नाहीत, तरीही मुलांना हा चित्रपट दाखवा



'पाण्याचे महत्त्व' या विषयावर आपण मुलांकडून किती निबंध लिहून घेतले असतील! 'पाणी म्हणजे जीवन' हे पहिलं वाक्य ठरलेलं. मुलं लिहितात, आपण गुण देतो, विषय संपतो. पुढच्या वेळी निबंधाआधी आठवी-नववीच्या मुलांना 'द नेकेड आयलंड' हा जपानी चित्रपट दाखवून बघा.

कानेतो शिंदो यांचा हा कृष्णधवल चित्रपट १९६० सालचा. १९६१ मध्ये मॉस्को महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. जपानच्या सेतो समुद्रातलं एक छोटंसं बेट; त्यावर आई, वडील आणि दोन मुलगे एवढंच कुटुंब. बेटावर गोडं पाणी नाही. नवरा-बायको होडीने शेजारच्या बेटावरून पाणी आणतात, खांद्यावर कावड घेऊन चढण चढतात आणि रोपांना घालतात. मग पुन्हा होडी. दीड तासाच्या या चित्रपटात संवाद जवळजवळ नाहीतच.

"मुलं कंटाळतील हो!" असं तुम्ही म्हणाल. सुरुवातीला चुळबुळ होईल, होऊ द्या. थोड्या वेळाने बायकोचा पाय घसरतो, बादली सांडते आणि नवरा तिच्या थोबाडीत मारतो. वर्ग एकदम गप्प होईल. हा प्रसंग कृपया पुढे ढकलू नका. मारणं चूकच, हे मुलांशी स्पष्ट बोला. पण चित्रपट संपल्यावर.

कारण पुढे मोठा मुलगा आजारी पडतो. वडील डॉक्टरांना घेऊन येईपर्यंत उशीर झालेला असतो. अंत्यविधीला त्याचे शिक्षक आणि वर्गमित्र होडीतून येतात. नंतर एक दिवस आई स्वतःच बादली ओतून देते, रोपं उपटते, जमिनीवर पडून रडते. या वेळी नवरा हात उगारत नाही. नुसता बघतो आणि पुन्हा पाणी घालू लागतो. थोड्या वेळाने तीही उठते.

दोनदा पाणी सांडलं, दोन्ही वेळा तो वेगळा का वागला? हा प्रश्न मुलांना स्वतःला पडू द्या. आपण तात्पर्य सांगायची घाई करतो आणि मुलांचा विचार तिथेच थांबतो.

घरी दाखवणार असाल तर आधी स्वतः बघा आणि मुलांच्या शेजारी बसा. दुसऱ्या दिवशी तोच जुना निबंध लिहायला द्या. पहिलं वाक्य बदलतं का, ते मला जरूर कळवा.