ग्रंथालयात थोडा दंगा होऊ द्या!

कॉलेजची लायब्ररी म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? ‘शांतता राखा’ची पाटी, कुलूपबंद कपाटं आणि परीक्षा जवळ आली की गच्च भरणारी अभ्यासिका. अशा ठिकाणी मुलं-मुली सुपरहिरोंचे पोशाख घालून आली, टेबलांवर खेळांचे डाव मांडले गेले, कुणी उभं राहून गोष्ट सांगू लागलं तर? ‘काय हा पोरखेळ!’ असंच म्हणू ना आपण?

अमेरिकेतल्या कॉलेज ग्रंथालयांत मात्र असे मेळावे भरतात. कॉमिक्स, खेळ, गोष्टी, आवडत्या पात्रांची वेशभूषा, आणि सगळं पुस्तकांच्या सान्निध्यात. तिथल्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं २००८ मध्ये ग्रंथालयांत खेळांचा खास दिवस साजरा करायला सुरुवात केली. ओहायो स्टेट विद्यापीठात तर १९७७ पासून व्यंगचित्रांचं स्वतंत्र ग्रंथालय आहे.

‘ही त्यांची थेरं, आपल्याला कशाला?’ असं कुणी म्हणेल. पण जरा आठवून पाहा. सापशिडी आपल्याच मोक्षपटातून आली. पुण्याची शिडी, पापाचा साप! खेळता खेळता नीती शिकवायची ही आपली जुनी रीत. आणि सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी? एकेक चित्र समोर धरून, वाद्यांच्या साथीनं रामायणातल्या कथा सांगणारी ही मंडळी. याच परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्र, खेळ आणि गोष्ट हे आपल्या घरचंच आहे. फक्त ग्रंथालयाच्या दारातून आपण ते आत येऊ दिलं नाही.

मला हा विषय महत्त्वाचा वाटतो तो मुलींसाठी. कॉलेज सुटलं की मुलगे कट्ट्यावर जातात, मैदानावर जातात, मित्राच्या खोलीवर जातात. मुलीनं मात्र सरळ घरी यायचं. वस्तीत काम करताना मी हे रोज बघते. उशीर झाला तर चालेल असं एकच कारण तिच्याकडे असतं, ‘लायब्ररीत होते’. मग तिला मोकळेपणानं हसायला, हरायला-जिंकायला, चारचौघांत उभं राहून बोलायला तीच जागा का मिळू नये?

‘आधीच मुलं मोबाइलवर गेम खेळून वाया चाललीत, त्यात हे!’ ही आयांची काळजी खोटी नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी किती घरं पोळली! म्हणूनच २०२५ मध्ये त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. पण खोलीचं दार लावून एकट्यानं स्क्रीनला चिकटणं वेगळं आणि चौघांनी समोरासमोर बसून डाव मांडणं वेगळं. दुसरं मिळालं तर पहिल्याची ओढ थोडी तरी कमी होईल.

याला खर्च तरी कितीसा? १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतोच. हार, भाषण, फोटो एवढ्यावर तो उरकण्यापेक्षा त्या दिवशी कपाटं उघडा. बुद्धिबळ, सागरगोटे, मोक्षपट मांडा. कुणी फास्टर फेणे होऊन येईल, कुणी अमर चित्रकथेतली राणी. तिच्या शेजारी ते पुस्तक ठेवा, म्हणजे बघणाऱ्याचा हात आपोआप तिकडे जाईल. गोष्टी सांगायला मुलींच्या आज्यांना बोलवा. त्यांच्याकडे केवढा साठा असतो, तो कुठल्या रजिस्टरमध्ये आहे?

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच बजावलं होतं की, पुस्तकं वापरण्यासाठी असतात आणि ग्रंथालय वाढत राहायला हवं. तेव्हा प्राचार्य आणि ग्रंथपाल मंडळींना विनंती : वर्षातून एक दिवस ती ‘शांतता राखा’ची पाटी उतरवून ठेवा. आणि मैत्रिणींनो, त्या दिवशी लेकीला घरी यायला तासभर उशीर झाला, तर दारात उभं राहून जाब विचारू नका. कोणती गोष्ट ऐकलीस, ते विचारा.