विश्लेषण : लंडनमध्ये कोटींची बोली, दिव्यात किलोचा भाव… जुन्या गाण्यांच्या वस्तूंची किंमत ठरते कशी?

दिव्यातील एखादे कुटुंब चाळीतील खोली सोडून इमारतीत राहायला जाते, तेव्हा पोटमाळ्यावरचे सामान आधी खाली येते. त्यात कॅसेटचा खोका बहुधा असतोच. हळदीची गाणी, कोळीगीते, भीमगीते, कल्याणच्या शिंदे घराण्यातील प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते. टेप केव्हाच बिघडलेला. नव्या घरात जागा मोजकी. भंगारवाला तो खोका प्लास्टिकच्या भावाने वजन करून नेतो. लोकप्रिय संगीताच्या अशाच जुन्या वस्तूंसाठी जगात कोट्यवधी रुपये मोजणारे संग्राहक आहेत. मग हा फरक कुठून येतो?

संग्राहक पैसे कशाचे देतात?

सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात फ्रेडी मर्क्युरीच्या घरातील वस्तू विकल्या गेल्या. साताऱ्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला आणि तिथेच पहिला बँड काढलेला हा गायक. त्याचा यामाहा पियानो १७ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला, म्हणजे सुमारे १८ कोटी रुपयांना. तसे नवे पियानो दुकानात त्याच्या अगदी किरकोळ किमतीत मिळतात. त्याच लिलावात त्याच्या बागेचे हिरवे दारही चार लाख पौंडांच्या वर गेले. त्या दारावर चाहत्यांनी वर्षानुवर्षे निरोप लिहून ठेवले होते. ज्यांनी लिहिले त्यांना अर्थातच दमडी मिळाली नाही!

ही किंमत लाकडाची नव्हे, सुराचीही नव्हे. वस्तू कोणाची, कोणाकडून कोणाकडे आली, याच्या पुराव्याची ती किंमत आहे. बीटल्सच्या १९६८ मधील ‘व्हाइट अल्बम’च्या सुरुवातीच्या प्रतींवर क्रमांक छापलेले होते. ००००००१ क्रमांकाची प्रत रिंगो स्टारकडे होती आणि ती अनेक वर्षे लंडनच्या बँकेत तिजोरीत पडून होती. डिसेंबर २०१५ मध्ये ती ७ लाख ९० हजार डॉलरना विकली गेली. तीच गाणी साध्या प्रतीवर तशीच ऐकू येतात. यात हौसेबरोबर फुशारकीही आहे आणि गुंतवणुकीचा हिशेबही, हे नाकारण्यात अर्थ नाही.

भारतातील तबकड्यांना परदेशात मागणी का?

इथे गोष्ट अधिक रंजक होते. ब्रिटन-अमेरिकेत मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या १९६० च्या सुमारास बंद झाल्या. बीटल्सचा उदय त्यानंतरचा. भारतात मात्र असंख्य घरांत वीज नव्हती आणि चावीचा ग्रामोफोन होता. त्याच्या जड, पोलादी सुईखाली नव्या व्हिनाइल तबकडीची चाळण झाली असती. त्यामुळे कोलकात्याजवळच्या डमडम येथील ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात साठच्या दशकातही ७८ च्या तबकड्या निघत राहिल्या आणि बीटल्सही लाखेवर उतरले. जगात फारच थोड्या ठिकाणी असे घडले. लाख ठिसूळ, पोलादी सुई खरवडणारी. साहजिकच धड प्रती फार थोड्या उरल्या आणि आज चांगल्या अवस्थेतील प्रतीला परदेशी संग्राहक हजारो डॉलर देतात. आपल्याकडची गैरसोय त्यांच्यासाठी दुर्मीळ ठेवा झाली.

या साखळीत पैसा मिळतो तो शेवटच्या माणसाला. घरातून रद्दीवाल्याकडे, तिथून मुंबईच्या चोरबाजारात, तिथून जाणकाराकडे. ज्याला तबकडीवरचे लेबल वाचता येते त्याची कमाई. ज्याच्या आजोबांनी ती पगारातून विकत घेतली त्याच्या हातात सुटे पैसे.

मग दिव्यातील कॅसेटला भाव का नाही?

कारण ती दुर्मीळ मानली जात नाही. ऐंशीच्या दशकात कॅसेट इतकी स्वस्त झाली की छोट्या कंपन्याही आगरी-कोळी लग्नांतली, जयंतीच्या मिरवणुकीतली गाणी काढू लागल्या. आनंद शिंदे यांचे पोपटाचे गाणे गल्लोगल्ली वाजले. घराघरात असलेली वस्तू कोण जपणार? पण घराघरात असलेलीच वस्तू एका पिढीत नाहीशी होते, कारण प्रत्येकाला वाटते की ती दुसऱ्याकडे असेलच. त्यात खाडीकाठची दमट हवा. फितीला बुरशी धरते, आवाज फाटतो.

गाजलेली गाणी मोबाइलवर मिळतात, हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. तो अर्धाच खरा आहे. कॅसेटच्या डबीत एक घडीचे कार्ड असे. गायक, गीतकार, संगीतकार आणि अनेकदा ढोलकी, बेंजो, कोरस यांचीही नावे त्यावर बारीक अक्षरात छापलेली असत. अॅपवर गाणे येते तेव्हा बहुतेक वेळा यातले एखादेच नाव उरते. ज्या गाण्यांच्या वाट्याला अॅपही आले नाही, त्यांचे तर सगळेच त्या खोक्यात आहे. वाजवणारे बरेचसे याच पट्ट्यातले, दिवसा नोकरी आणि रात्री हळदीचा कार्यक्रम करणारे. त्यांच्या कामाचा छापील पुरावा म्हणजे ते कार्ड. लिलावात ज्या पुराव्याला कोट्यवधी मिळतात, तोच पुरावा इथे सर्वात आधी कचऱ्यात जातो, कारण भंगारवाल्याला कागद नको असतो.

संग्राहकांवर सोडून चालेल का?

काही अंशी तेच काम करत आले आहेत. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने जुन्या तबकड्यांच्या नोंदी केल्या, त्या छापल्या. मात्र तिथे भर तबकड्यांवर राहिला. कॅसेटचा वाली कोणी नाही. श्रीमंत संग्राहक येण्याची वाट पाहणेही धोक्याचे आहे. तो आला तरी वस्तू त्याच्या कपाटात बंद होईल.

एक कायदेशीर बाबही आहे. कॅसेट घरची असली तरी गाण्याचे हक्क घरचे नसतात. भारतात ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९८८ ची कॅसेट २०४८ संपेपर्यंत परवानगीशिवाय इंटरनेटवर टाकता येणार नाही. तोवर फीत शाबूत राहणे कठीण. म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या वाचनालयांनी निदान कॅसेटचे खोके स्वीकारावेत आणि कोणाकडून काय आले याची नोंदवही ठेवावी. त्याला लागते एक कोरडे कपाट आणि एक कर्मचारी. ते होईपर्यंत खोका काट्यावर चढण्याआधी डबीतील कार्डे घरीच काढून घेता येतील. वजनात त्याने फरक पडत नाही.