डोंगर पेटला, पाणी कुणाचे?



माघ सरला की पेण-रोह्याकडचे डोंगर पिवळे पडतात. मग एखाद्या रात्री अंगणातून वर पाहावे, तर काळोखात लाल माळ पेटलेली दिसते. लहान मुलांना त्याची गंमत वाटते. पण डोंगराच्या पायथ्याशी जिचे घर आहे, त्या बाईला झोप येत नाही.

आपल्या बौद्धवाड्या गावाच्या कडेला का, हे वाचकांना सांगायला नको. ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या तर त्याहून वर. वणवा खाली उतरला की पहिले घर त्यांचे नाहीतर आपले.

2023 च्या मार्चात आमच्या भागातल्या एका वाडीवर असाच वणवा आला. दुपारची वेळ. पुरुषमाणसे कंपनीत पाळीवर गेलेली. बायका आणि शाळकरी पोरे निरगुडीच्या ओल्या डहाळ्या घेऊन आग झोडपत होती. वाडीला लागूनच मुंबईच्या एका शेटचे फार्महाऊस आहे. तिथे भरलेली टाकी, मोटार, लांब पाईप. वॉचमन कंपाउंडच्या आतून शेटच्या आंब्यांना पाणी मारत होता. बायकांनी पाईप मागितला. तो म्हणाला, "शेटना विचारतो." फोन लागेना. बंब येईपर्यंत पेंढ्याच्या दोन उडव्या आणि एक गोठा गेला. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत एका मुलीची ट्रंक होती. तिच्यात जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, बारावीची मार्कशीट. ती पोरगी उडव्यांसाठी रडली नाही, त्या कागदांसाठी रडली.

वॉचमनला शिव्या देऊन काय होणार? तोही कुणाचा तरी गडी. नोकरी गेली असती तर त्याची चूल विझली असती. प्रश्न त्याचा नाही. आग सगळ्यांची आणि पाणी एकट्याचे, ही व्यवस्था बरोबर आहे का, हा प्रश्न आहे.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न नवा नाही. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी तिथे ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर विरोधकांनी कोर्टात दावा लावला की तळे सार्वजनिक नाहीच, खासगी आहे! दहा वर्षे तो खटला चालला. शेवटी 1937 मध्ये मुंबई हायकोर्टात निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. ज्या पाण्यावर माणसाचे जगणे आहे, त्याच्याभोवती खासगीपणाची भिंत घालू नये, हा धडा आपल्याला तिथेच मिळाला.

1947 मध्ये बाबासाहेबांनी घटना समितीपुढे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन मांडले. विम्याचा धंदा सरकारच्याच हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा आयुर्विमा असावा, असे त्यात सुचवले. संकटातले संरक्षण ज्याच्या खिशात पैसा त्यालाच मिळू नये, हा त्यामागचा विचार उघड आहे.

परदेशातही हेच घडले आहे. 1666 मध्ये लंडन जळाले. त्यानंतर विमा कंपन्यांनी स्वतःचे बंब ठेवले आणि आपल्या गिऱ्हाईकाच्या भिंतीवर धातूची पाटी ठोकली. पण आग पाटी वाचत नाही. एक घर पेटते ठेवून शेजारचे वाचत नाही. म्हणून 1866 पासून तिथे सार्वजनिक अग्निशमन दल आले. तरी जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ वणवा लागला, तेव्हा काही धनिकांनी आपल्या मालमत्तेसाठी खासगी पथके भाड्याने आणली. त्याच वेळी काही वस्त्यांत रस्त्यावरचे सार्वजनिक नळ कोरडे पडले होते. इतक्या श्रीमंत देशात ही गत.

आपल्याकडे काय आहे? 1993 मध्ये लागू झालेल्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांच्या विषयांच्या यादीत अग्निशमन सेवा घातली. पंचायतींच्या यादीत 29 विषय आहेत, त्यात तिचे नाव नाही. पेण आणि रोहा शहरांना नगरपरिषद आहे, धाटावच्या कारखान्यांसाठी एमआयडीसीची व्यवस्था आहे. वाडीला मात्र दूरच्या बंबाची वाट पाहावी लागते. धाटावला पाळी करणारा आपलाच भाऊ कंपनीत आग विझवण्याचे शिक्षण घेतो आणि त्याच्या घरी वाळूची बादलीही नसते!

म्हणून तीन वाटे करू या.

पहिला वाटा घराचा. घराभोवती दहा-पंधरा हात जागा झाडून साफ ठेवा. पेंढा, सरपण, गोवऱ्या भिंतीला टेकवू नका. दोन पिंपे पाणी भरून ठेवा. आग झोडपायला जाताना नायलॉनची साडी नको, सुती नेसा आणि तोंडाला ओले फडके बांधा. आग चढावर धावते, म्हणून तिच्या वरच्या बाजूला कधीही उभे राहू नका. म्हातारी माणसे आणि मुले आधी हलवा, गुरांची दावी सोडा. दाखल्यांच्या झेरॉक्स प्रती दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा.

दुसरा वाटा वाडीचा. बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. फेकलेली विडी, शिकारीसाठी लावलेली आग, राब भाजताना सुटलेली ठिणगी. राब भाजायचा तर वारा पडल्यावर, चार माणसे उभी करून. फेब्रुवारीआधी वाडी आणि डोंगर यांच्यामध्ये गवत कापून जाळरेषा काढा. आपण बुद्धविहारासाठी श्रमदान करतो, त्यातला एक रविवार याला द्या. ठाकूर-कातकरी बांधवांना बरोबर घ्या. वणवा जात विचारत नाही.

तिसरा वाटा सरकारचा, आणि तो मागून घ्यावा लागतो. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला बायकांनी जावे आणि ठराव मांडावा : वाडीसाठी पाण्याची टाकी, बंब येईल असा रस्ता, वनखात्याकडून जाळरेषा, आणि आग लागली तर फार्महाऊसचे पाणी वाडीला मिळेल असा शेटांशी आधीच लेखी करार. शेट नाही म्हणाले, तर तेही इतिवृत्तात येऊ द्या.

आग लागली तर 101 किंवा 112 वर कळवा, जंगलातली असेल तर वनखात्याच्या 1926 वर. नुकसान झाले तर राख हलवण्याआधी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. आग ही सरकारी मदतीच्या आपत्तींत मोडते, पण पंचनाम्यावाचून हाती काही पडत नाही. 2021 पासून 'भारत गृह रक्षा' नावाची घराची विमा पॉलिसी मिळते, तिच्यात वणवाही येतो. घर कच्चे असेल तर पैसे भरण्याआधी नीट विचारून घ्या.

त्या मुलीला दाखल्यांच्या दुसऱ्या प्रती मिळाल्या, पण अर्धे वर्ष हेलपाटे घालून. यंदा तिच्या वाडीने जाळरेषा काढली. पहिला कोयता तिच्या आईने चालवला.

तुमच्या वाडीचा कोयता कोण उचलणार?

जयभीम!