झटपट न्यायाचे कौतुक

मुलीकडे अमेरिकेला गेलो होतो, तेव्हा आर्कान्सॉ राज्यातील फोर्ट स्मिथचे जुने लष्करी ठाणे पाहिले. एके काळची ही सरहद्द. सैनिकांच्या बराकीतच पुढे कोर्ट भरू लागले; खाली तळघरात कैदी कोंबलेले. सारे उत्तम जपले आहे. गर्दी मात्र पुन्हा उभारलेल्या फाशीच्या तख्तापाशी! तेथे एक मराठी गृहस्थ आपल्या मुलांना सांगत होते, "आपल्याकडे असाच न्यायाधीश पाहिजे. खटला उभा राहिला की निकाल!"

मला हे कौतुक मुळीच मान्य नाही. न्यायाधीश आयझॅक पार्कर १८७५ पासून २१ वर्षे येथे बसले. त्यांनी १६० जणांना देहान्ताची शिक्षा सुनावली; ७९ जण फासावर गेले. पहिली १४ वर्षे त्या शिक्षेवर अपीलच नव्हते. राष्ट्राध्यक्षांना दया आली तर तेवढीच आशा. १८८९ च्या कायद्याने सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडले आणि तेथे गेलेले कित्येक निकाल फिरले! मग ज्यांना ते दार मिळालेच नाही, त्यांच्या खटल्यांतल्या चुका कोणी मोजायच्या? पार्कर कष्टाळू होते, हे कबूल. परंतु कधीच न चुकणारा मनुष्य कोणी पाहिला आहे काय?

दिवाळीत आपली मुले अंगणात किल्ला करतात. किल्ल्याला दरवाजा ठेवायला ती विसरत नाहीत. न्यायालाही दरवाजा लागतो, एवढे त्यांना जरूर सांगा.